देवाची नाव आणि चार वाजताचं आभाळ

२३ एप्रिल, रविवार

आज पहिली घोषणा केली. फसली!

दुपारी अडीचला देवळाचा माईक हातात घेतला आणि तोंडातून निघालं — "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." दुसरं काय निघणार? उभी नोकरी एसटीत गेली, त्यातली शेवटची वर्षं दौंडच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत. मग पुढचं बोललो — "विजांसह वादळी वाऱ्याची शक्यता असल्याने पलीकडे जाणारी नाव साडेतीननंतर सुटणार नाही." घाटावरची पोरं हसून लोळली. वर संध्याकाळपर्यंत झाडाचं पान हललं नाही!

सिंधू भाकरी थापता थापता म्हणाली, "स्टँडावर गाडी येणार म्हणायचे, ती यायची न्हाई. आता वादळ येणार म्हणता, ते बी येत न्हाई. तुमच्या तोंडाला गुणच हाय तसा."

बायको आहे, बोलणारच.

२४ एप्रिल

कालचं मनातून जात नाही. हे नसतं झेंगट का घेतलं मागं लावून, ते एकदा लिहूनच टाकतो.

बंधारा झाल्यापासून भीमा आमच्या गावाशी तळ्यासारखी पसरलीय. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. गावातल्या निम्म्यांची वावरं पलीकडे, माझी थोरली बहीण धुरपदाआक्का पलीकडेच दिलेली. पुलावरून जायचं तर केवढा वळसा! रोहिदासच्या नावेत बसलं की तंबाखू मळून होईस्तोवर पलीकडचा घाट. म्हणून सगळे नावेनेच जातात. मीही.

आणि वैशाखातल्या शेवटच्या रविवारी देवही जातो. आमचा भैरोबा आणि पलीकडची जानाई, भाऊ-बहीण. भावाने पालखीत बसून, नावेतून, बहिणीला साडी न्यायची. बरोबर चार वाजता. ज्याची ज्याची बहीण पलीकडे आहे, तोही त्या दिवशी साडी घेऊन देवाच्या मागे निघतो. आमच्या पणज्याच्याही आधीपासून हे असंच.

पण चार वाजता! वैशाखात! वळीव उठायची नेमकी हीच वेळ. गेल्या साली आक्काची साडी मांडीवर घेऊन मी त्याच नावेत होतो. पाण्याच्या मधोमध आलो आणि एकाएकी गार वारा सुटला. नाव एका अंगावर अशी कलली की माझं कोपर पाण्याला लागलं. ढोल बंद. मग वारा आपोआप पडला आणि सगळे ओरडले — "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" रोहिदास म्हणाला, "देवानं नाव धरली." मी घरी येऊन दोन दिवस धड जेवलो नाही. एकदा धरली. दर सालाला देवाला हेच काम लावायचं का?

यंदा यात्रा १४ मे रोजी. त्या नावेत लेकुरवाळ्या बाया असतात, लहान पोरं असतात. मला भीती वाटते. लिहायला कसली लाज! इथं कोण वाचतंय?

२६ एप्रिल

राजनंदिनीचा फोन. लेक माझी हवामानातलं शिकलीय, पुण्यात नोकरी करते. रविवारची फजिती सांगितली तर हसली नाही. म्हणाली, "पप्पा, पाऊस नाही नाव उलटवत. पावसाच्या आधीचा वारा उलटवतो. ढग अजून लांबच असतो, वारा पुढे धावत येतो."

मग शिकवणी! उन्हाच्या तावात ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर चढायला लागला की सावध व्हायचं. पावसाळ्यातला पाऊस पश्चिमेकडून येतो, पण वळवाला दिशा नसते, चारी बाजूंनी बघायचं. आणि गडगडाट एकदा जरी कानावर आला, तरी पाण्यावर कुणी थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं, मगच नाव सोडायची.

"आणि पप्पा, तुम्ही पुष्कळदा चुकणार. सगळेच चुकतात. वळीव आपल्या वावरात पडतो आणि शेजारच्याचं कोरडं राहतं."

मी म्हटलं, "मग आमची एसटी बरी होती की!" तेव्हा मात्र हसली.

२८ एप्रिल

फोनवर रडारचं चित्र बघायला शिकलो. हिरवं म्हणजे किरकोळ, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पळा. आज दौंडकडून एक लाल ठिपका निघाला. मी चष्मा पुसून तयार! पाटसपर्यंत आला आणि विरघळला. साखर कारखान्याच्या चिमणीनं गिळला असणार.

३० एप्रिल

रोहिदास घरी आला होता. चहा ओतून घेतला, बशीत फुंकर मारत बसला. पोरगा वाईट नाही, चाळिशी उलटली तरी मला पोरगाच वाटतो. म्हणाला, "आप्पा, रोज भोंगा वाजला तर कुत्रं बी कान देणार न्हाई. धोका आसंल तवाच बोला. न्हाईतर गप ऱ्हावा."

पटलं. उगाच रोज घसा कशाला कोरडा करायचा? ठरलं — धोका असेल तरच घोषणा.

३ मे

पाय न धुताच लिहायला बसलोय.

दुपारी बारापासून लाइट नव्हती. लाइट नाही म्हणजे भोंगा मुका. थोड्या वेळाने टॉवरही गेला, फोनवर रडार कसलं, रेंजची काडी दिसेना. मी ओट्यावर आडवा झालो होतो. जाग आली ती उंबराच्या सळसळीने. उठून बघतो तर पूर्वेला काळं-निळं आभाळ आणि त्याच्या पुढे धुळीची भिंत!

चप्पल न घालता घाटाकडे पळालो. नाव पाण्याच्या मधोमध. कांदा काढून परत येणाऱ्या बाया खचाखच, वर गोण्या. ओरडलो, कुणाला ऐकू जाणार? वारा आला. नाव आधी गोल फिरली, मग कलली. बायांचा एकच आरडाओरडा. रोहिदासने काय केलं देव जाणे, नावेचं तोंड वाऱ्याकडे केलं, इंजिन फुल्ल ठेवलं आणि घाट सोडून सरळ काठच्या पाणकणसाच्या दाटीत घुसवली. सगळ्या चिखलात उतरल्या, गुडघाभर पाण्यातून एकमेकींचे हात धरून वर आल्या. गोण्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

पाणकणसातून पहिली वर आली ती शितल, रोहिदासची भावजय. केस पिळत माझ्यासमोर उभी राहिली. रागावलीही नाही, नुसतं म्हणाली, "आप्पा, तुम्ही काय बोललाच न्हाई. आमी म्हटलं, भोंगा गप हाय म्हंजी आज आभाळ चांगलं हाय."

४ मे

कंट्रोलर म्हणून मिरवतो आणि साधी गोष्ट डोक्यात आली नाही! स्टँडवर कंट्रोलर जागेवर नसेल तर ड्रायव्हर काय गाडी काढतो? खिडकीतून सोडल्याशिवाय गाडी फलाट सोडत नाही. बंद खिडकी म्हणजे थांबायचं. आणि इथे आम्ही काय ठरवून बसलो? भोंगा बंद, म्हणजे खुशाल निघा!

सकाळीच रोहिदासला गाठलं. आजपासून उलटं. नाव निघायच्या आधी मी आभाळ बघणार, रडार बघणार, मग बोलणार — "नाव सुटेल." हे शब्द कानावर आले तरच दोरी सोडायची. भोंगा मुका तर नाव बांधलेली.

कालपासून त्याचंही तोंड उतरलंय. म्हणाला, "आन् लाइट न्हाई आली तर? माणसं खोळंबणार."

तोडगा सिंधूने काढला. तिचं जुनं हिरवं लुगडं काढून दिलं. "लिंबावर बांधा. पलीकडून बी दिसंल. हिरवं वर आसलं तर यावा, खाली आसलं तर बसा गप." मी म्हटलं, "अगं चांगलं आहे की हे!" तर म्हणे, "उभ्या जल्मात तुमाला माझं लुगडं चांगलं दिसलं नव्हतं, आज दिसलं!"

६ मे

आला! वळीव वेळेवर आला!

तीन वाजता दक्षिणेला गड्डा चढताना दिसला. रडारवर लाल. घोषणा — "पुढील सूचना मिळेपर्यंत नाव सुटणार नाही." लोकांनी तोंडं वाकडी केली, पण घाटावरच्या शेडमध्ये बसून राहिले. आणि मग वारा, धूळ, टपोरे थेंब! पाण्यावर एवढ्या लाटा की बांधलेली नावसुद्धा घाटावर आपटत होती. पलीकडच्या माडावर वीज पडली, शेंडा धडधडून पेटला.

पाऊस उघडल्यावर रोहिदासने चहा आणला. माझ्या हातात कप दिला. चहा काय गोड लागला म्हणून सांगू!

७ मे, रविवार

आज जेव्हा जेव्हा "नाव सुटेल" म्हटलं, तेव्हा तेव्हा सुटली आणि सुखरूप पोचली. एवढं सुख नोकरीत नव्हतं.

९ मे

देवळात बैठक. मी उठून बोललो — यंदा पालखी सकाळी नेऊ. सकाळचं पाणी शांत असतं, वळीव दुपारनंतरचा.

गलका झाला. सरपंच विश्वजीत तरणा माणूस, शिकलेला. तो म्हणाला, "आप्पा, माझं काय न्हाई. पण येळ देवाची हाय. उद्या गावात काय बरंवाईट झालं तर लोक माझ्या नावानं बोंबलतील." गुरव म्हणाला, "देवालाच इचारू. कौल लावू."

लावला. भैरोबाच्या छातीवर ओल्या दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सकाळी जायचं, डावी पडली तर चारलाच. सगळं गाव श्वास रोखून उभं. कळ्या काही पडेनात! उभं राहून पाय दुखायला लागले, पोरं पेंगली, एक म्हातारा खांबाला टेकून घोरायला लागला. कळ्या जिथल्या तिथे.

शेवटी गुरवाने हात जोडले. "देव काय बोलत न्हाई."

तेव्हा मागून रोहिदास म्हणाला, "मंग आप्पा बोलतील. पालखी चारला घाटावर आणा, येळ मोडायला नगो. पण भोंगा 'सुटंल' म्हणला तरच मी दोरी सोडीन. न्हाईतर दुसरा नावाडी बघा."

सगळे माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. बोलावं असं वाटत होतं इतके दिवस. आता बोलायची पाळी आली तर नुसती टोपी सारखी करत बसलो!

११ मे

सिंधूबरोबर शिरूरला जाऊन आक्काची साडी आणली. आक्काने फोनवर बजावलं होतं, "हौशा, जरीची आणू नगं, टोचती. मऊ आण." सत्तरी गाठली तरी मला हौशाच म्हणते. अबोली रंगाची घेतली. दुकानदार म्हणाला, यात्रेची का? म्हटलं, बहिणीची.

१३ मे

राजनंदिनीला सकाळपासून तीनदा फोन केला.

"पप्पा, उद्या निम्मी-निम्मी शक्यता आहे."

"मला निम्मं नको. पूर्ण सांग."

"पूर्ण कुणीच सांगणार नाही. उद्या साडेतीनला आभाळ बघा आणि दिसेल ते बोला. भीतीपोटी नको, पण भिडेपोटीही नको."

फोन ठेवल्यावर वाटलं, पोरगी कधी एवढी मोठी झाली? तिला सायकल शिकवताना मीच मागे पळत होतो.

१४ मे, रविवार

काय लिहू!

सकाळपासून मरणाचा उकाडा. घामाने अंगरखा अंगाला चिकटलेला. साडेतीनला पालखी घाटावर आली. ढोल, लेझीम, गुलाल. भैरोबापुढे जानाईची हिरवी साडी. मागे साड्यांच्या पिशव्या घेतलेले भाऊ. माझीही पिशवी हातात. पलीकडच्या घाटावरही माणसांची दाटी, बाया ताटं घेऊन उभ्या.

आमच्या डोक्यावर ऊन. पण दौंडच्या अंगाला ढगाचा डोंगर, माथा पसरट झालेला. रडारवर लाल आणि सरकतोय आमच्याकडे. तरी वाटलं, लांब आहे, पटकन जाऊन येतील. माईक तोंडाशी नेला. "नाव" म्हटलं — आणि तेवढ्यात गडगडलं. हलकंच. ढोलामुळे कितीजणांनी ऐकलं असेल कोण जाणे. मी ऐकलं.

"नाव सुटणार नाही."

ढोल थांबले. मग जो काही आरडाओरडा! "आवो ऊन पडलंय!" "देव दारात उभा हाय आन् हा गाडी रद्द करतोय!" विश्वजीत धावत आला, "आप्पा, परत बघा, लोक ऐकायचे न्हाईत." मी परत बघितलं. परत तेच बोललो. चार-पाच जण नावेकडे धावले. बांधलेल्या नावेला रोहिदासने दुसरी दोरी बांधली आणि त्या दोरीवर बसून राहिला.

थांबलो. दर थोड्या वेळाने गडगडायचं, की परत अर्धा तास. ढग पाटसच्या अंगाला वळला. तिकडे म्हणे गारा पडल्या. इकडे? थेंब नाही! वारासुद्धा नाही. पाणी कसं आरशासारखं. दिवस मावळला, आणि मावळल्यावर देव पाण्यावर जात नाही. पलीकडच्या बाया ताटं घेऊन घरी गेल्या. पालखी वाजत-गाजत आली होती, ती मुकाट माघारी गेली. एवढ्या पिढ्यांत भाऊ पहिल्यांदा बहिणीकडे गेला नाही. कुणामुळे? माझ्यामुळे.

एक म्हातारा जाता जाता म्हणाला, "कंट्रोलर, नोकरीत माणसांची गाडी चुकवली. आता देवाची बी चुकवली." राजनंदिनीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गडगडाट ऐकूनही सोडली असती आणि काही झालं नसतं, तरी ते चूकच असतं पप्पा." तिचं बरोबर आहे. पण ती पुण्यात आहे. मला उद्या दळणाला गिरणीत जायचंय.

सिंधूने पिठलं केलं. आज एक शब्द टोचून बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आक्काचा फोन वाजत होता. उचलला नाही. काय सांगणार होतो तिला? साडी खाटेवर पडलीय.

उद्या माईकची किल्ली गुरवाला देऊन टाकणार. बस झालं.

१५ मे

सकाळी वेशीकडून ढोल ऐकू आले. आमचे नव्हते. बाहेर येऊन बघतो तर ट्रॅक्टर! ट्रॉलीत गादी, गादीवर जानाई, आणि मागे पलीकडचं सगळं गाव, पुलावरून एवढा वळसा घालून आलेलं. भोंगा काल पलीकडेही ऐकू गेला होता. "भाऊ नाव सोडत न्हाई म्हंजी त्याला कायतरी दिसलं आसंल. मंग आपनच जाऊ की," असं कुणीतरी म्हणालं आणि ठरलं. आजवर जानाई कधी भावाच्या दारात आली नव्हती. गाव अनवाणी धावलं. कालचा तो म्हातारा सगळ्यांच्या पुढे.

ट्रॉलीच्या कोपऱ्यात गुडघे धरून आक्का. तिला उतरवून घेताना मला रडूच आलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रडतोस काय, हौशा? टॅक्टर मोकळाच माघारी धाडणार हाय आमी. देवीला नावंनं न्यायची म्हणत्यात समदी. आभाळ बघ आन् सांग, कवा सोडतोस?"